ओकखालची जागा

वारा फिरला तसा ऑस्रिकने सुपाचा वाडगा खाली ठेवला आणि नाक दाबलं.

त्याच्या तंबूपासून वीस पावलांवर निळ्या प्लॅस्टिकच्या संडासांची रांग होती. दर ऑगस्टमध्ये ओहायोतल्या या पार्कात तीनशे माणसं आठवडाभर बाराव्या शतकात राहायला येत. मोबाइल गाडीत, घड्याळं गाडीत, खरी नावंही गाडीत. संडास तेवढे चालू शतकातले, आणि बावीस वर्षं ते ऑस्रिकच्याच वाट्याला आलेले.

"आज जिंकलास की सुटलास," शेजारच्या तंबूतली मॉड म्हणाली आणि तिने त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली. "मी मात्र इथंच सडणार."

काल ऑस्रिकशी हरून ती तिसरी आली होती. तेव्हापासून पायाला पट्टी बांधून लंगडत होती.

अंतिम लढत जिंकेल त्याने पुढच्या वर्षीची तंबूची जागा आधी निवडायची, असा इथला रिवाज होता. पाच वर्षं सरदार रोल्फ जिंकत होता आणि पाच वर्षं ओढ्याकाठच्या ओकच्या झाडाच्या गार सावलीत घोरत होता. ऑस्रिकची बायको कॅरल तीन वर्षांपूर्वी 'ओक मिळाला तरच बोलव' असं सांगून घरी बसली होती. तिच्याशिवाय त्याला इथं करमत नव्हतं. ओक हवा होता तो तिच्यासाठी.

"खरं तर तुला सांगू नये," मॉड म्हणाली.

"काय?"

"रोल्फचं. हृदय. डॉक्टरांनी हात टेकलेत म्हणे. ही त्याची शेवटची लढत."

"काहीतरीच! घोड्यासारखा तर आहे तो. तुला कोण म्हणालं?"

"सकाळी त्याच्याकडेही सूप घेऊन गेले होते ना. पण हे बोलू नकोस हं कुठे. त्याला कळलं तर बिचारा शरमेनंच जाईल."

"मग मी काय करू? हरू?"

"छे बाई! मी कुठं असं म्हणाले?" मॉडने कढई उचलली आणि लंगडत निघून गेली.

दुपारी सगळे रिंगणाभोवती जमले. पंच पिपने नियमांची वही उघडली, तशा बऱ्याच जणांनी जांभया दिल्या. तलवारी वेताच्या. वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचं. लागला तर 'मेलो' म्हणून पडायचं. इमानाचा खेळ होता, आणि कितीही वार बसले तरी 'लागलं नाही' म्हणायचा म्हणून ऑस्रिकला सगळे गेंडा म्हणत. रोल्फही काही कमी नव्हता. गेल्या वर्षी दोघं जेवणाची वेळ होईपर्यंत एकमेकांना बडवत होते आणि कुणालाच काही लागत नव्हतं.

"आणि दोघंही एकदम मेले," पिपने शेवटचा नियम वाचला, "तर जागा निवडायचा मान तिसऱ्या आलेल्याचा."

"यांच्यातला एक मेला तरी पेढे वाटू!" कुणीतरी ओरडलं.

लढत सुरू झाली. रोल्फचे वार आज अगदीच मवाळ होते. शिरस्त्राणातून त्याचा श्वास धापा टाकल्यासारखा येत होता.

"बरा आहेस ना रे?" ऑस्रिकने हळूच विचारलं.

"मी? तू बरा आहेस ना?" रोल्फ म्हणाला. "दमला असशील तर थांबू या जरा."

मरणाच्या दारात उभा आहे आणि माझी काळजी करतोय! ऑस्रिकला भरून आलं. पाच वर्षं या माणसाला आपण मनातल्या मनात शिव्या घातल्या याची लाज वाटली. त्याने एकदा ओककडे पाहिलं. गार सावली, ओढा, झाडाला टेकून बसलेली कॅरल. सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं.

जाऊ दे, त्याने ठरवलं. संडास काय, सवयीचेच आहेत.

रोल्फची तलवार ढालीवरून घसरून ऑस्रिकच्या खांद्याजवळून गेली.

"मेलो!" ऑस्रिक ओरडला आणि धाडकन पडला.

त्याच क्षणी शेजारी दुसरं धाडकन झालं. "मेलो!"

पिप वहीची पानं उलटू लागला.

"तू का मेलास?" ऑस्रिकने पडल्या पडल्या विचारलं.

"तू का मेलास? माझी तलवार शिवलीसुद्धा नाही तुला!"

"रोल्फ, माझ्यापासून लपवू नकोस. डॉक्टर किती दिवस म्हणाले?"

"मला? मला काय धाड भरलीय? दिवस तर तुझे भरलेत ना!"

"माझे? कोण म्हणालं?"

"सकाळी सूप घेऊन..." रोल्फ बोलता बोलता थांबला.

दोघांनी एकदमच शिरस्त्राणं वर केली. पलीकडे ओकखाली मॉड लंगडायचं विसरून, लांब लांब पावलं टाकत तंबूची जागा मोजत होती.