गोड बोल

जावई फाटकाबाहेर उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होता. "रूथ, चल घरी. नवा फ्लॅट घेतलाय, दोन बेडरूमचा. राणीसारखी ठेवीन. पप्पा, तुम्ही तरी सांगा तिला!"

शेजारीण खिडकीतून म्हणाली, "सोन्यासारखा माणूस आहे, पाठवा हो मास्तर."

मांडीवर बायबल उघडं ठेवून बसलेल्या मास्तरांना त्या गोड आवाजाचा संशय येत होता, आणि आपल्या संशयाचाही. रविवारी चर्चच्या मंडळीत यरुशलेमच्या वेढ्याचा अध्याय त्यांनाच समजावून सांगायचा होता, पण एक गोष्ट उलगडत नव्हती. अश्शूरचा सरदार एवढी फौज घेऊन आला, तरी तटावरच्या लोकांना त्यांच्याच भाषेत द्राक्षवेली आणि विहिरींची आमिषं का दाखवत बसला?

लेकीच्या दंडावरचा काळानिळा वळ अजून उतरला नव्हता. असल्याच शब्दांवर भुलून मास्तरांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. ती मुकाट चपला शोधू लागली.

सरदाराला वेस आतूनच उघडून हवी होती, हे मास्तरांना आत्ता उमगलं.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "जावईबापूंसाठी चहा टाकू ना?"

"नको," मास्तर म्हणाले, इतक्या मोठ्याने की गल्ली गप्प झाली.