लाल ठिपक्याची रॅम

रॅमवरचा तो लाल ठिपका दिसला आणि हेमराज सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेकीचा, दिव्यानीचा लॅपटॉप सात वर्षं जुना. नर्सिंगचा ऑनलाइन तास सुरू झाला की हमखास अडून बसायचा. नवा घ्यायची ऐपत नाही, म्हणून शनिवारी सरांनी गडचिरोलीच्या दिनेशच्या दुकानातून जुनी रॅम आणली होती, लॅपटॉपचा वेग वाढवणारी बोटभर लांबीची हिरवी पट्टी. रविवारी सकाळी मागचं झाकण उघडून ती खाचेत बसवायला घेतली, तर कडेला नेलपॉलिशचा ठिपका आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सातचा आकडा.

ही खूण दुसरीकडे कुठं असणं शक्यच नव्हतं. सर ज्या शाळेचे मुख्याध्यापक, तिथं कधीकाळी दहा लॅपटॉप आले होते. दुरुस्तीवाल्यानं एकदा आतला चांगला पार्ट काढून भलताच बसवला. तेव्हा पोचू शिपाई बायकोचं नेलपॉलिश घेऊन आला आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसला. एकेका पार्टवर ठिपका आणि नंबर टाकून घेतला तेव्हाच उठला. सगळा स्टाफ पोट धरून हसला होता.

म्हणजे ही रॅम शाळेच्या सात नंबरच्या लॅपटॉपची! आपल्याच शाळेतला चोरीचा माल आपणच पैसे मोजून घरी आणला. सर तसेच उठले आणि किल्ल्या घेऊन शाळेत गेले.

कॉम्प्युटर लॅबमध्ये गेली दोन वर्षं पोषण आहाराची पोती रचलेली. ती सरकवून सरांनी मागचं लॅपटॉपचं कपाट उघडलं. आत धुळीशिवाय काही नव्हतं. दहाच्या दहा गायब, आणि कुलूप शाबूत. किल्ल्या दोघांकडेच, एक सरांकडे आणि एक पोचूकडे. आता यात आणखी शोधायचं ते काय?

रात्रभर सरांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दहावीच्या पोरी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायला दिवस मोडून अहेरीला जातात. जंगलातल्या पोरांच्या वाट्याला आधीच काही येत नाही, आलं तर तेही घरचाच माणूस गिळतो. पंचवीस वर्षांत सरांनी कोणाचा फुकटचा चहा घेतला नव्हता, आणि त्यांच्या नाकाखाली हे!

सोमवारी सगळ्या स्टाफसमोर त्यांनी पोचूला उभं केलं. पोचू पंधरा वर्षं मानधनावर होता. दरवर्षी जुलैत नवा आदेश निघायचा, तेव्हा कुठं त्याच्या घरची चूल वर्षभर चालायची. यंदाचा आदेश सरांच्या टेबलावरच पडून होता, सहीवाचून.

"लॅपटॉप कुठी गेले, पोचू?"

"टेम्पोत चढवले, सर. माह्याच हातानं."

चोरी करून वर तोंड करून सांगतो! सरांचा आवाज चढला. "कोणाले इच्चारून?"

पोचूनं मान वर केली. आधी सगळ्या स्टाफकडे पाहिलं, मग सरांकडे. "चोरी नाई केली मी. बाकीचं एकट्यात सांगतो. चार लोकांत नोका इच्चारू, सर."

एकट्यात कशाला, पाया पडायला? जे काय असेल ते इथंच, सगळ्यांदेखत बोल, असं सरांनी ठणकावलं. पोचू परत फरशीकडे पाहायला लागला. सरांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटला.

उर्वशीबाई नव्या लिपिक. जुने बाबू रिटायर झाल्यावर जूनमध्ये आलेल्या, त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. पोचूची सेवा संपवल्याचं पत्र त्यांनी टाइप करून आणलं. पोचूभाऊंचं एकदा बाजूला घेऊन ऐकावं, असं त्या हळूच म्हणाल्याही. सरांनी ते कानाआड केलं. पत्रासोबत आणखी सात-आठ कागद होते. पोचूला बोल लावता लावता सरांनी नेहमीसारखा एकेकाचा कोपरा उचलला आणि सगळ्यांवर सह्या ठोकल्या.

पोचूनं किल्ली टेबलावर ठेवली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि निघून गेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा शाळेची घंटा दुसऱ्या कोणी दिली. सरांना जराही वाईट वाटलं नाही.

आता दुकानदार राहिला होता. मंगळवारी पहिल्या बसनं सर गडचिरोलीला पोचले आणि आपण कोण ते न सांगता दिनेशच्या काउंटरवर ती रॅम आपटली. गरिबांच्या शाळेतला चोरीचा माल विकतोस, लाज नाही वाटत, पोलिसांतच देतो तुला, असं बरंच काही बोलले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

दिनेश काही चिडला नाही. त्यानं ठिपका निरखला, स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरची फाइल काढली.

"चोरीचा माल मी घेत नाई, काका. शाळेतलं सामान आलं का आधी मंजुरीचा कागद मांगतो. तिथल्या बाबूनं आणून देल्ला होता."

"खोटा असन," सर म्हणाले. "दाखव इकडं. कोण चोर आहे ते पाहू तर दे मले."

दिनेशनं कागद त्यांच्याकडे फिरवला. वर शाळेचं छापील नाव. दहा लॅपटॉप, जुने व निकामी, भंगारात विकण्यास मंजुरी. तारीख एकतीस मार्च.

आणि खाली सही होती, कालच पोचूला घरी बसवणाऱ्या पत्रावर केलेली, तीच.