उदमांजराची भीती

पिंजऱ्याचं दार पडलं आणि उदमांजराची भीती रेवती घाडीच्या छातीत धडधडू लागली. नव्या कायद्याने प्राणी पकडणाऱ्याला मनगटावर पट्टा बांधावाच लागे, आणि त्या पट्ट्यातून अडकलेल्या जिवाला जे वाटेल ते त्यालाही भोगावं लागे. मालवणातल्या कितीतरी जणांनी त्यापायी हे काम सोडलं होतं. रेवतीने नाही.

"जंगलात सोड जा आता," घरमालक मोंडकरकाका म्हणाले. "दुपारी गवंडी येऊन माळ्याची भोकं बुजवणार आहे."

रेवती हलली नाही. भीती तिच्या ओळखीची होती. पण आज त्या भीतीच्या जोडीला छाती जड झाली होती, पान्हा फुटावा तशी.

"काका, वर पिल्लं आहेत."

"मी स्वतः पाहिलंय. काही नाही."

"मी पुन्हा बघते."

ती शिडीने माळ्यावर चढली. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांमागे तिला तीन पिल्लं सापडली, डोळेही न उघडलेली. तिने ती ओढणीत घेतली आणि खाली येऊन पिंजऱ्याच्या छोट्या झडपेतून आत सोडली. आई त्यांना चाटू लागली, तशी रेवतीची धडधड निवत गेली.

"आता काय वाटतंय तिला?" काकांनी हलक्या आवाजात विचारलं.

रेवतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिला मोठी जांभई आली.