खांबेट्यांच्या तोंडून

यमुनाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांची सून मृणाली वाकून कानाशी म्हणाली, "आई, खांबेटेसाहेब आलेत. टीव्हीवरचे."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाट पुढे सरकवला.

दत्तात्रेय खांबेटे टेकले. उभं आयुष्य त्यांनी संध्याकाळच्या बातम्या दिल्या होत्या. निवृत्तीनंतर ते गावी, हर्णेला येऊन राहिले होते. आज मृणाली त्यांना न्यायला आली होती. होडी उलटून तिचा नवरा हरिश्चंद्र समुद्रात बुडाला होता. सोबतच्या भागोजीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण भागोजी एकटाच पोहत परतला, म्हणून यमुनाबाई त्याला खोटारडा म्हणत होत्या. पोलिसांचंही त्या ऐकेनात. खांबेटे सांगतील तर मानीन, एवढंच म्हणाल्या होत्या.

येण्याआधी खांबेट्यांनी भागोजीला समोर बसवून सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं.

"तुमी सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. "खरा काय ता."

"हरिश्चंद्र गेला. लाटेने होडी उलटली. तो बुडाला, पुन्हा वर आला नाही."

आवाज बातम्यांतलाच निघाला. सपाट, स्वच्छ. पूर, अपघात, दंगली. याच आवाजात त्यांनी किती माणसं मेलेली सांगितली होती. समोर कधी कोणी बसलेलं नसायचं. आत काही हलेल म्हणून ते थांबले. काही हललं नाही.

"तुमी बघितलाव?"

मृणालीने त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हणा, असं ती डोळ्यांनी विनवत होती.

"नाही," खांबेटे म्हणाले. "भागोजीने बघितलं. त्याने मला सांगितलं, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे."

यमुनाबाई रडल्या नाहीत. मग उठल्या आणि भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेल्या. बाहेर अंगणात, भर उन्हात भागोजी उभा होता. परतल्यापासून तो रोज येऊन तिथेच उभा राहायचा. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"आत ये रे," त्या म्हणाल्या. "जेवलास?"