पळसव्रतीची आग

“मी जंगल पेटवणार,” दिपा म्हणाली आणि तिने वीस बाजूंचा फासा मुठीत घेतला.

“तुम्ही पेटवलंत की मी विझवणार,” समोरून सुरज म्हणाला. त्याच्याही मुठीत फासा होता.

प्रणितने कपाळ टेबलावर टेकवलं. गेले कित्येक रविवार हेच चाललं होतं. राक्षसांची फौज जंगलाच्या वेशीवर ताटकळत उभी, आणि हे दोघं एकमेकांचे मंत्र खोडण्यात गुंग.

हा डाव दर रविवारी दुपारी नवीन पनवेलला रियाच्या घरी रंगायचा. गोष्ट रिया रचायची. राक्षस तिचे, जंगल तिचं, गावंही तिचीच. बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. घरच्या गोष्टी टेबलावर काढायच्या नाहीत, हा रियाचा एकच नियम. पात्रांच्या विद्याही तिनेच घडवल्या होत्या. त्यातली तिची सगळ्यात लाडकी म्हणजे पळसव्रतीची. रानाची सेवा करणारी, पण आगीने. पळसव्रतीने वाळलेलं गवत पेटवलं की राखेतून कोंब फुटायचे. तिची राख लावली की जखमा भरायच्या. निखारे तिच्याशी बोलायचे.

ही विद्या दिपाने पहिल्याच दिवशी उचलली. ती एका बँकेत कामाला होती. पुढच्या रविवारी सुरज आला, उरणला बंदरावर नोकरी करणारा. समोर पळसव्रती बसलीय म्हटल्यावर त्याने विचारही न करता नदीरक्षक निवडला. तेव्हापासून फौज वेशीवरच होती.

रिया चहा ठेवायला उठली तसा प्रणित मागोमाग स्वयंपाकघरात आला.

“दोघांपैकी एकाला काढ,” तो हळूच म्हणाला. “नाहीतर मी पुढच्या रविवारपासून येत नाही. मला राक्षस मारायचेत. यांची भांडणं कोण ऐकणार?”

“भांडणं नाहीत रे ती. प्रेमात आहेत दोघं. त्यांनाच अजून कळलेलं नाहीये.”

“काहीही.”

“मागे मी कोळंबीची भजी केली होती, तेव्हा त्याने तिची बशी न बोलता बाजूला सरकवली. तिला कोळंबी चालत नाही, हे कधीतरी बोलण्यात आलं असेल. याने बरोबर लक्षात ठेवलं. आणि राग आला की ‘तुम्ही’चं ‘तू’ कसं होतं बघ.”

प्रणितने आलं किसायला घेतलं आणि मान हलवली. “तू बघ बाई काय करायचं ते.”

रियाला मात्र प्रणितला गमावणं परवडणारं नव्हतं. आठवडाभर ती घरूनच काम करायची, लॅपटॉपसमोर. घरात माणसांचा आवाज व्हायचा तो फक्त रविवारी. प्रणित गेला तर डाव मोडला, आणि डाव मोडला तर रविवारही गेला. चहा उकळेपर्यंत तिने गोष्टीत एक देऊळ बांधलं.

“जंगलात वनदेवी प्रकटली आहे,” कप वाटून झाल्यावर ती म्हणाली. “ती म्हणते, आग आणि पाणी एक झाल्याशिवाय ही फौज हटणार नाही. नदीरक्षका, आधी तू विचार. एकच प्रश्न.”

सुरजने फासा खाली ठेवला.

“का पेटवायचंय तुला?”

दिपाने कप बाजूला सरकवला. “खाली बी पडलंय,” ती म्हणाली, “आणि त्याला ऊन मिळत नाही. जिकडे बघावं तिकडे जुन्या फांद्या. मला त्या झाडांचा राग नाही रे. पण मला श्वास घ्यायला जागा हवी.”

“आणि त्या वडाखाली म्हातारी माणसं राहतात, त्यांचं काय? त्यांनी वाढवलंय मला.”

रियाला हे कुठे लिहिल्याचं आठवेना, पण तिने आडकाठी केली नाही.

“वडाला हात लावते असं मी कधी म्हटलं?” दिपाचा आवाज खाली आला. “तू विचारलंच नाहीस. मी काडी काढली की तू घागर घेऊन धावतोस.”

“बरं. वडाभोवती मी पाण्याचं रिंगण घालतो. पलीकडे तू पेटव. फक्त फार लांब नको.”

“लांब नाहीच. वड दिसेल इतकं जवळ.”

दोघांनी एकदम फासे टाकले. एकोणीस आणि अठरा. जंगल पेटलं, रिंगणाच्या आतलं एक पानही करपलं नाही, आणि फौज वाट फुटेल तिकडे पळत सुटली. राक्षसांचा सेनापती प्रणितच्या वाट्याला आला. त्याला लोळवून प्रणित खुर्चीवर उभा राहिला. वनदेवीने तिथेच दोघांचं लग्न लावून टाकलं. अक्षता म्हणून प्रणितने चिवडा उधळला. दिपा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. ते पुसायला रुमाल सुरजने दिला, हेही रियाने टिपलं.

प्रणित शीळ घालत घरी गेला. ही दोघं चपला घालत होती, तेवढ्यात रियाने धीर केला.

“एक बोलू? रागावू नका. डाव सोडून तुम्ही दोघं एकदा बाहेर भेटा. एकमेकांचा नंबर तरी घ्या. या बाबतीत माझा अंदाज कधी चुकत नाही.”

दिपाने हसू दाबत सुरजकडे बघितलं. सुरजने फोन काढला. आता नंबर घेणार, म्हणून रिया हसून बाजूला झाली. पण त्याने फोन सरळ कानाला लावला.

“आई, तू आणि बाबा चहा घेऊन घ्या, छकुलीलाही काहीतरी खायला दे. आम्हाला उशीर होईल. मी आणि दिपा विचुंब्याला तो फ्लॅट बघून येतो. हो, तुझी सूनच म्हणतेय, तुम्हाला रोज संध्याकाळी चालत येता येईल एवढ्याच अंतरावर घ्यायचा.”