पुलाची थरथर

"पुलाकडे नको, पडद्याकडे बघ," हे परवा म्हणाले होते. पुलाच्या तपासणीसाठी नदीकाठी कॅमेरा लावून ह्यांनी त्याचं चित्रण केलं होतं. संगणकाने त्यातली बारीकशी थरथर मोठी करून दाखवली, आणि एरवी स्थिर वाटणारा मधला खांब एसटी जाताच वेलीसारखा डुलला. "उद्याच बंद करायला लावतो," हेच म्हणाले होते.

आज मी पोथी वाचून उठले, तर टेबलावर ह्यांच्या सहीचा अहवाल: 'पूल वाहतुकीस सुरक्षित.' मी बघतच राहिले.

"अशी काय बघतेस? पूल बांधलाय आपल्या मृणालच्या सासऱ्यांनी. लेकीला माहेरी आणून बसवायचंय का?" हे दाढी करता करता म्हणाले. "बरं झालं, आज तुझं सोमवारचं मौन आहे."

तीस वर्षांत ह्यांचा शब्द मी कधी पडताळून पाहिला नव्हता. त्याच भरवशावर काल मी देवळात नदीपलीकडच्या शाळेच्या बाईंना म्हणाले होते, "पुलाचं खरं काय ते कळवीन, मगच मुलींची बस सोडा."

हे आंघोळीला गेले. मी चित्रणाचा पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधला, चपला घातल्या आणि पुलाची वाट सोडून होडीच्या धक्क्याकडे निघाले.