तुझं माझ्यातच आलं

"तुमच्या पतीचा नागरिकत्वाचा अर्ज पुढे जाईल," टेबलापलीकडच्या लिंडनरबाई म्हणाल्या. "तुमचा नाही, फ्राऊ सबनीस. तुमचं कायम वास्तव्य रद्द झालेलं आहे."

कौमुदीने पुन्हा विचारलं. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त सावकाश. त्या सावकाशपणानेच तिच्या डोक्यात तिडीक गेली.

नियम साधा होता. कायमचं कार्ड असलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिला, तर कार्ड जातं. जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी या आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीकडून, तशी मुदत लिहून घ्यायची. मयुरेशकडे ती होती. त्याच्या कंपनीने त्याला दीड वर्षासाठी पुण्यात नवा कारखाना उभा करायला पाठवलं, तेव्हाच मागून घेतली होती. त्यामुळे त्याची इथली, येना शहरातली, सगळी वर्षं अखंड धरली गेली. कौमुदीसाठी कुणी काही मागितलंच नव्हतं.

"पण आम्ही एकत्रच गेलो होतो," मयुरेश म्हणाला. "आम्ही एक फॅमिली आहोत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "दोन माणसं. दोन अर्ज."

कौमुदीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला ती संध्याकाळ लख्ख आठवली. हॉलभर खोकी पसरलेली, तिच्या हातात चिकटपट्टी. "मयुरेश, माझ्या कार्डाचं काय? ऑफिसात विचारलंस का?" आणि तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला होता, "अगं, तुझं माझ्यातच आलं!"

आणि तिने मान डोलावली होती. खरा संताप याचाच होता. दोघंही इंजिनियर. ती तर भिंगांवर लेप चढवणाऱ्या प्रयोगशाळेतली, डोळ्याला न दिसणारी चूक पकडून आख्खा घाणा परत पाठवणारी. पण घरातून आलेली खोड विमानात बसल्यावर उतरत नाही. लहानपणी घरात एकच रेशनकार्ड, वर कर्त्या पुरुषाचं नाव, बाकीची मंडळी त्याच्या पोटात. ते अदृश्य रेशनकार्ड दोघांनी इथवर आणलं होतं, आणि या देशात तसलं कार्डच नव्हतं.

बिनपगारी रजा टाकून ती त्याच्याबरोबर पुण्याला गेली. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं काढली, डबे केले, आल्यागेल्याचं पाहिलं. रात्री पुस्तक घेऊन बसायची, जर्मन गंजू नये म्हणून. परत गेल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करायचा, हे तिनेच ठरवलं होतं. या कचेरीच्या पायऱ्या ती पहिल्यांदा चढली ती एकटी, भर जानेवारीत, बर्फावरून घसरत. नंतरच्या भाषेच्या परीक्षा, खेपा, रांगा, सगळं जमा होत गेलं होतं. ते आता कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकलं होतं. दरवर्षी येनातल्या गणपतीच्या जेवणात मयुरेश रंगात येऊन सांगायचा, "आम्ही इथे आलो ना, तेव्हा चिटपाखरू ओळखीचं नव्हतं!" तेव्हा ती नुसती हसायची. आज ते आठवून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझी आधीची वर्षं?" तिने विचारलं.

"त्यातली काही धरता येतील का, ते पुढे पाहू. आधी तुम्हाला इथे राहायचा नवा परवाना हवा." बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "एक सोपा मार्ग आहे. पतीबरोबर राहणारी पत्नी म्हणून. ते लवकर होईल."

मयुरेशने मोठा श्वास सोडला. मराठीत म्हणाला, "बघ! सुटला प्रश्न. उगाच घाबरवलं बाईने. शेवटी म्हटलं तेच झालं ना, तुझं माझ्यातच येतंय."

त्याला चुकल्याचं वाटतही नव्हतं. तो चक्क हसत होता.

कौमुदीने जर्मनमध्ये, बाईंकडे बघत विचारलं, "माझी नोकरी अजून आहे. प्रयोगशाळा मला पत्र देईल. माझ्या स्वतःच्या नोकरीवर परवाना मिळेल?"

"मिळू शकेल. पण वेळ लागेल. आणि तोवर तुम्हाला कामावर जाता येईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही."

"चालेल."

"अगं, वेड लागलंय का तुला?" मयुरेशचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघू लागली. "सरळ रस्ता समोर असताना कशाला हा हट्ट? बायको म्हणून राहण्यात कमीपणा वाटतो का तुला?"

"वाटत नाही," ती म्हणाली. "पण विचारलं मी होतं. उत्तर तू दिलंस. आता माझं मी बघते."

लिंडनरबाईंना मराठी कळत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण कोणत्याही भाषेत कळतं. त्यांनी तिच्यासाठी नवा अर्ज काढून दिला आणि मयुरेशचे कागद पुढे ओढले.

"आल्झो, तर मग हेर सबनीस. तुमचं सगळं ठीक आहे. एवढी एकच जागा तुम्ही रिकामी सोडलीय. जर्मनीत तुम्ही पहिल्यांदा आलात ते कशासाठी? नोकरी, की शिक्षण?"

मयुरेशने घसा खाकरला. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. बाई पेन धरून थांबल्या होत्या.

"दोन्ही नाही," कौमुदी पर्स खांद्याला लावत म्हणाली. "नोकरी मला होती. तो आला माझा नवरा म्हणून."